फुटबॉल, मतपत्रिका आणि नौदल: पोर्ट्समथच्या एका समर्थकाची मते

फ्रॅटनकर (मूळ धागा)

पोर्ट्समथ फुटबॉल क्लबच्या समर्थकांपुढे मतदान-सुधारणेचा विषय काढला, की राजकारण मैदानाबाहेर ठेवावे असे बजावणारे दोघे-चौघे तरी निघतातच. मला ते पटत नाही. मते कशी मोजावीत हा प्रश्न फुटबॉलच्या समर्थकाला इतरांच्या आधी कळायला हवा, कारण आपल्या खेळाने मोजणीची पद्धत अनेकदा बदललेली आहे आणि पद्धत बदलली की विजेताही बदलू शकतो हे आपण पाहिलेले आहे.

१९४९-५० च्या हंगामात पॉम्पी, म्हणजे आपला पोर्ट्समथ, आणि वुल्व्हरहॅम्प्टन (वुल्व्ह्ज) या दोन्ही संघांचे ५३ गुण झाले होते. तेव्हा गोल-सरासरी पाहत असत, म्हणजे केलेल्या गोलांना स्वतःवर झालेल्या गोलांनी भागत असत. पॉम्पीचे ७४ विरुद्ध ३८ आणि वुल्व्ह्जचे ७६ विरुद्ध ४९ असा हिशेब होऊन विजेतेपद आपल्याकडे आले. पुढे १९७६ मध्ये गोल-सरासरी जाऊन गोल-फरक आला आणि १९८१ पासून विजयाला दोनऐवजी तीन गुण मिळू लागले. आजचे नियम त्या जुन्या हंगामाला लावले तरी पॉम्पी ७५ विरुद्ध ७३ गुणांनी पहिलेच येतात, हे मी स्वतःच्या समाधानासाठी मोजून पाहिले आहे. सगळ्यांचे नशीब मात्र असे नसते. १९८८-८९ मध्ये आर्सेनल आणि लिव्हरपूल यांचे गुणही सारखे होते आणि गोल-फरकही ३७ असा सारखाच होता. आर्सेनलने ७३ गोल केले होते आणि लिव्हरपूलने ६५, म्हणून विजेतेपद आर्सेनलला मिळाले. जुनी गोल-सरासरी चालू असती, तर तेच सामने आणि तेच गोल धरून लिव्हरपूल विजेते ठरले असते, कारण त्यांच्यावर अवघे २८ गोल झाले होते आणि आर्सेनलवर ३६.

हे ज्याला समजते त्याला ब्रिटनमधल्या ५ मे २०११ च्या सार्वमतातला प्रश्न, म्हणजे खासदार 'पर्यायी मत' पद्धतीने निवडावेत का हा, अवघड वाटायला नको होता. 'पर्यायी मत' पद्धतीत मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतो. कोणालाच निम्म्याहून अधिक मते नसतील तर सर्वांत मागचा उमेदवार बाद होतो आणि त्याची मते त्या-त्या मतदाराच्या पुढच्या पसंतीकडे जातात. सुमारे ६८ टक्के मतदारांनी ही पद्धत नाकारली आणि मतदानाला मुळात आले सुमारे ४२ टक्केच. मी बाजूने मत दिले होते, पण फार उत्साहाने नव्हे. पर्यायी मतातही एका मतदारसंघातून एकच प्रतिनिधी निवडून जातो, त्यामुळे एकूण मते आणि एकूण जागा यांचे प्रमाण जुळेलच असे नाही.

ते प्रमाण किती बिघडू शकते हे २०२४ च्या निवडणुकीत दिसले. मजूर पक्षाला सुमारे ३४ टक्के मतांवर ६५० पैकी ४११ जागा मिळाल्या. रिफॉर्म पक्षाला १४ टक्के मतांवर ५ जागा मिळाल्या, तर लिबरल डेमोक्रॅट पक्षाला १२ टक्के मतांवर ७२. यातला कोणता पक्ष कोणाला आवडतो याच्याशी या हिशेबाचा काहीही संबंध नाही. आपल्या पोर्ट्समथ नॉर्थ मतदारसंघात विजयी उमेदवार ७८० मतांनी निवडून आली आणि तिला मिळालेली मते एकूण मतांच्या एक-तृतीयांशाच्या थोडीच वर होती. 'जिंकला तो जिंकला' हे वाक्य एका सामन्यापुरते ठीक आहे. पण आपला संघ ४६ सामने खेळतो आणि प्रत्येक सामन्याचा गुण हिशेबात धरला जातो, हरणाऱ्या सामन्यात शेवटच्या मिनिटाला साधलेली बरोबरीसुद्धा.

मला पाहिजे आहे ती एकल संक्रमणीय मताची पद्धत, म्हणजे एकाच मतदारसंघातून अनेक प्रतिनिधी पसंतीक्रमाने निवडण्याची. विधान परिषदेच्या निवडणुकांच्या बातम्या वाचणाऱ्या मराठी माणसाला 'पहिल्या पसंतीची मते' आणि 'कोटा' हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत, ही आपली जमेची बाजू आहे. पोर्ट्समथच्या नगरपालिकेसाठी तर नकाशाही नव्याने आखावा लागणार नाही. येथे १४ प्रभाग आहेत, प्रत्येक प्रभागात तीन नगरसेवक आहेत आणि सध्या ते सलग तीन वर्षे दर वर्षी एक-एक असे, चौथे वर्ष मोकळे सोडून, निवडले जातात. हे तिघे एकाच दिवशी पसंतीक्रमाने निवडायचे, एवढाच बदल आहे. स्कॉटलंडमध्ये स्थानिक निवडणुका २००७ पासून अशाच होतात.

आता मुख्य मुद्दा. मोजणीची पद्धत कितीही चांगली असली, तरी जो माणूस मोजणीत येतच नाही त्याला तिचा उपयोग नसतो, आणि आपल्या शहरात असा माणूस बहुधा नौदलात असतो. विमानवाहू नौका 'प्रिन्स ऑफ वेल्स' एप्रिल २०२५ मध्ये येथून निघाली आणि नोव्हेंबरच्या अखेरीस परतली. त्या काळात तिच्यावरच्या पॉम्पी-समर्थकांचे नव्या हंगामाचे पहिले चार महिने बुडाले. निवडणूक अशा मोहिमेत आली, तर मताचेही तेच होण्याची शक्यता असते. म्हणून सुधारणेची चर्चा करताना तीन जणांचा एकत्र विचार व्हावा असे मला वाटते: मत देणारा, मैदानावर कुटुंब घेऊन येणारा आणि या दोन्ही ठिकाणी हजर राहू न शकणारा नौसैनिक. ज्यांनी हे जवळून पाहिले आहे त्यांनी जरूर लिहावे.

गोदीकाठची

फ्रॅटनकर, धागा वाचला आणि राहवले नाही. माझा नवरा नौदलात अभियंता आहे आणि तुम्ही उल्लेख केलेल्या मोहिमेच्या गटातल्याच एका जहाजावर होता. सामन्याच्या दिवसाबद्दल आधी लिहिते, कारण मतदान काही वर्षांनी येते आणि सामना दर आठवड्याला.

आमची चार जागांची सीझन तिकिटे आहेत. तो नसतो तेव्हा एक खुर्ची रिकामी राहते, आणि ती भरायची कशी हा प्रश्न भावनेचा कमी आणि व्यवहाराचा जास्त आहे. तिकीट दुसऱ्याला देता येते, पण प्रौढाच्या तिकिटावर मूल आणायचे किंवा मुलाच्या तिकिटावर प्रौढ, की लगेच फरकाची रक्कम आणि फोनाफोनी सुरू होते. मला हवी आहे ती सवलत साधी आहे: तैनातीवर गेलेल्या माणसाची जागा त्या महिन्यांपुरती क्लबकडे परत देता यावी आणि तो परतल्यावर तीच जागा त्याला पुन्हा मिळावी. शेजारी तीच ओळखीची माणसे असतात, मुलांना त्यांचीच सवय झालेली असते, आणि बाबा घरी नसताना त्यांची शनिवारची तेवढी घडी तरी मोडू नये असे मला वाटते.

दुसरी तक्रार वेळेची आहे. शनिवारी दुपारी तीनचा सामना हा लहान मुलांच्या घरासाठी वरदान आहे: जेवून निघायचे, अंधार पडायच्या सुमारास परत यायचे. दूरचित्रवाणीसाठी सामना शुक्रवारी रात्री किंवा शनिवारी साडेबाराला सरकला, की एकट्या पालकाचे सगळे नियोजन कोसळते. मंगळवारी रात्री पावणेआठच्या सामन्याला सहा वर्षांच्या मुलाला नेले, तर बुधवारी शाळेत तो बाकावर झोपतो. (फुटबॉल लीगचा दिव्यांच्या प्रकाशातला पहिला सामना फेब्रुवारी १९५६ मध्ये आपल्या मैदानावर, फ्रॅटन पार्कवरच झाला होता, त्यामुळे या रात्रीच्या सामन्यांचे थोडे पाप आपल्याच माथी आहे.)

मैदानावरच्या शिव्यांबद्दल लोक मला नेहमी विचारतात. माझी मुले शिव्या ऐकतात, आणि त्या घरी वापरायच्या नाहीत हेही त्यांना कळते. त्याहून मला जास्त खटकते ते समोरचा माणूस नव्वद मिनिटे उभा राहतो तेव्हा. बुटक्या मुलाला तेव्हा फक्त त्याची पाठ दिसते. उभे राहून पाहण्याची सोय असलेले वेगळे भाग आता कायद्याने करता येतात, तर ते करावेत आणि बसणाऱ्यांना बसू द्यावे.

आता मतदान. मी नवऱ्याची प्रॉक्सी आहे. त्याचे मत मतदान केंद्रावर जाऊन मीच देते, आणि टपालाची मतपत्रिका जहाजापर्यंत जाऊन वेळेत परत येण्याची आशा धरण्यापेक्षा हे नक्कीच बरे आहे. २०२४ ची निवडणूक २२ मे रोजी जाहीर झाली, उमेदवारी अर्जांची मुदत ७ जूनला संपली आणि मतदान ४ जुलैला झाले. उमेदवार ठरल्यापासून मतदानापर्यंत चार आठवडेसुद्धा नव्हते. सध्या तो मला एक नाव सांगतो आणि काम होते. तुमच्या पद्धतीत त्याला पाच-सहा नावांचा क्रम सांगावा लागेल, तोही कदाचित जहाज रेडिओ-शांतता पाळत असताना, म्हणजे ना फोन ना इंटरनेट. मग तिसरी पसंती कोणाची असेल? त्याची, की त्याच्या नावाने दिलेली माझी? तुम्ही ज्याच्यासाठी ही सुधारणा मागत आहात त्यालाच ती सर्वांत अवघड जाणार आहे, याचे उत्तर मला हवे आहे.

रविवारची_लीग

गोदीकाठची यांच्या शेवटच्या प्रश्नाला माझा पूर्ण पाठिंबा आहे, आणि त्यात माझी एक भर. नौदलाच्या सरकारी घरात ओल आली, बॉयलर बंद पडला आणि ठेकेदार दाद देत नसला, की माणूस आपल्या खासदाराकडे जातो. मतदारसंघाला एकच खासदार असला तर जबाबदारी कोणाची हे उघड असते. पाच खासदार असले, तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवणार.

शिवाय पसंतीक्रमाची मोजणी मला प्ले-ऑफसारखी, म्हणजे वरच्या श्रेणीत जाण्यासाठी हंगामानंतर होणाऱ्या बाद लढतींसारखी वाटते. १९९२-९३ मध्ये आपले आणि वेस्ट हॅमचे ८८ गुण होते. तेव्हा आपल्या लीगमध्ये गोल-फरकाऐवजी केलेले गोल पाहत असत. त्यांचे गोल ८१ आणि आपले ८०, म्हणून ते थेट वर गेले. आपण तिसरे आलो आणि प्ले-ऑफमध्ये सहाव्या क्रमांकाच्या लेस्टरकडून हरलो. मागून येणाऱ्याने पुढच्याला खाली खेचण्याची सोय मला मैदानावर नको आणि मतपेटीत तर नकोच.

नांगर

मी नौदलातून निवृत्त झालो त्याला आता बरीच वर्षे झाली. तरी दोन-तीन गोष्टी लिहितो.

जहाजावर राजकारणाची चर्चा होत नाही असे बाहेरच्यांना वाटते. सेवेत असताना राजकीय चळवळीत भाग घेता येत नाही हे खरे आहे, तसे नियमच आहेत. पण मेसमध्ये रात्रपाळी संपवून चहा घेणारी माणसे भाडे, बालवाडीची फी आणि बदलीच्या गावी बायकोला नोकरी मिळेल का, याबद्दल बोलतातच, आणि त्यालाच मी राजकारण म्हणतो. फुटबॉल त्याहून सोपा विषय असतो. एकाच मेसमध्ये पोर्ट्समथचा आणि प्लिमथचा समर्थक असतो, कारण दोन्ही नौदलाचीच बंदरे. आपल्या दोन क्लबांच्या सामन्याला 'डॉकयार्ड डर्बी' म्हणतात तेही त्यामुळेच. २०१६-१७ मध्ये लीग टूच्या शेवटच्या दिवशी दोघांचेही ८७ गुण झाले आणि गोल-फरकाने आपण पहिले आलो. फ्रॅटनकरांच्या मोजणीच्या मुद्द्याला हे आणखी एक उदाहरण घ्या.

पाणबुडीवाल्यांची गोष्ट वेगळी असते. अण्वस्त्रधारी पाणबुडी गस्तीवर असते तेव्हा घरून येणारा मोजक्या शब्दांचा निरोप वाचता येतो, पण उलट एक अक्षरही पाठवता येत नाही. अशा माणसाला गस्तीच्या काळात मतपत्रिका पोहोचवणारी कोणतीही पद्धत नाही. त्याला प्रॉक्सी हाच मार्ग. त्यामुळे गोदीकाठची यांचा प्रश्न मी हलका समजत नाही.

पण सैनिकाचे मत अवघड आहे म्हणून देशाने थांबून राहिल्याचेही उदाहरण आहे. १९४५ च्या निवडणुकीचे मतदान ५ जुलैला झाले आणि निकाल २६ जुलैला लागला. परदेशात आणि समुद्रावर असलेल्या सैनिकांची मते मायदेशी पोहोचावीत म्हणून तीन आठवडे पेट्या बंद ठेवल्या होत्या. युद्ध पूर्ण संपलेलेही नसताना हे जमले.

भारतातली सोयही पाहण्यासारखी आहे. तेथे २०१६ पासून सेवेतल्या मतदाराला कोरी मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवतात. तो ती उतरवून घेतो, छापतो, खूण करतो आणि टपालाने परत पाठवतो. निम्मा प्रवास वाचतो. परतीचा टपाल-प्रवास राहतो, म्हणून ते पूर्ण उत्तर नव्हे, पण आपल्यापेक्षा एक पाऊल पुढे आहे.

आणि माल्टा. भूमध्य समुद्रातले आपल्या ताफ्याचे हे जुने ठाणे, ब्रिटिश सैन्य तेथून १९७९ मध्ये निघाले. तेथे एकल संक्रमणीय मत १९२१ पासून आहे. तरीही १९८१ मध्ये ज्या पक्षाला निम्म्याहून अधिक मते मिळाली त्याला ३१ जागा आणि दुसऱ्याला ३४, असा निकाल लागला, कारण मतदारसंघांच्या सीमा. शेवटी १९८७ मध्ये राज्यघटना दुरुस्त करून बहुमताच्या पक्षाला वाढीव जागा देण्याची तरतूद करावी लागली. पसंतीक्रम आला की सगळे आपोआप नीट होईल, अशा भ्रमात कोणी राहू नये एवढ्यासाठी हे लिहिले.

फ्रॅटनकर

नांगरकाका, माल्टाचे उदाहरण माझ्या बाजूला अडचणीचे आहे आणि म्हणूनच उपयोगाचे आहे. एका मतदारसंघात किती जागा ठेवायच्या आणि सीमा कोण आखणार, हे दोन प्रश्न पद्धतीइतकेच महत्त्वाचे आहेत.

रविवारची_लीग, १९९३ ची जखम माझीही आहे, पण तुलना मला मान्य नाही. प्ले-ऑफमध्ये सहावा संघ हंगामभराचे गुण बाजूला ठेवून नव्याने खेळतो. पसंतीक्रमाच्या मोजणीत कोणीही काहीही पुसून टाकत नाही. पहिल्या फेरीत मिळालेली मते उमेदवार निवडून येईपर्यंत किंवा बाद होईपर्यंत त्याच्याकडेच राहतात, आणि जो सर्वांत मागे असतो तो बाद होतो, वर चढत नाही. खासदाराच्या जबाबदारीचा मुद्दा मात्र विचार करण्यासारखा आहे. आमचा परिसर घ्या: पोर्ट्समथच्या दोन जागा, शेजारच्या हॅव्हंट, गॉस्पोर्ट आणि फेअरहॅम अँड वॉटरलूव्हिल. २०२४ मध्ये शहरातल्या दोन्ही मजूर पक्षाला गेल्या आणि भोवतालच्या तिन्ही हुजूर पक्षाला, त्यातली हॅव्हंट तर ९२ मतांनी. या पाच जागांचा एक मतदारसंघ केला, तर ओल आलेल्या घरातल्या कुटुंबाला आज आपल्या विरोधी मताच्या एकाच खासदाराकडे जावे लागते, त्याऐवजी निवडीला वाव मिळेल. आयर्लंडमध्ये एकाच मतदारसंघातले प्रतिनिधी अशा कामांसाठी एकमेकांशी स्पर्धा करतात. तेथे तक्रार उलटीच ऐकू येते, की ते गटारे आणि खड्डे यांत इतके गुंततात की कायदे करायला त्यांना सवड उरत नाही.

गोदीकाठची, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे अर्धेच उत्तर आहे. मतदाराने सगळे क्रमांक भरण्याची सक्ती नसावी. एकच पसंती दिली तरी मत वैध धरले जावे, जसे स्कॉटलंडमध्ये आहे. म्हणजे तुमच्या नवऱ्याने एकच नाव सांगितले तर तुम्ही '१' एवढाच आकडा लिहाल आणि आजच्यापेक्षा त्याचे नुकसान काहीच होणार नाही. निघण्यापूर्वी त्याने पक्षांचा क्रम सांगून ठेवला तर फायदा होईल. तरीही एखादा चांगला अपक्ष उभा राहिला, तर ते त्याला समुद्रावर कळणार नाही, हे मी नाकारत नाही. त्यावर उपाय नांगरकाकांनी सांगितला तोच: मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक मार्गाने लवकर पाठवणे आणि अर्जांची मुदत व मतदान यांत जास्त दिवस ठेवणे.

क्लबच्या कारभाराबद्दल लिहायचे राहून गेले होते. २०१० आणि २०१२ मध्ये दिवाळखोरीच्या प्रशासनात गेलेला आपला क्लब एप्रिल २०१३ मध्ये समर्थकांच्या ट्रस्टने वाचवला. हजार पौंडांचा एक भाग होता आणि कित्येकांनी मिळून एकेक भाग घेतला. श्रीमंत समर्थकांनी ट्रस्टबाहेर वेगळे भाग घेतले होते, त्यामुळे सगळी मालकी ट्रस्टची नव्हती हेही सांगायला हवे. पण ट्रस्टच्या आत एक सभासद, एक मत हे सहकारी तत्त्व होते. २०१७ मध्ये मायकेल आयस्नर यांच्या कंपनीला क्लब विकायचा का, यावर मतदान झाले आणि सुमारे ८० टक्के सभासदांनी होकार दिला. मी विरोधात होतो, हरलो आणि निकाल मान्य केला, कारण प्रश्न स्पष्ट होता, पर्याय दोनच होते आणि प्रत्येकाचे मत सारखे धरले गेले होते. दोनच पर्याय असतात तेव्हा साधे बहुमत पुरते. सहा उमेदवार उभे असतात तेव्हा ते पुरत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

गोदीकाठची

'एकच आकडा लिहिला तरी चालेल' हे मला पटले. मग माझा विरोध मागे घेते, पण मतपत्रिका लवकर पाठवण्याची अट त्याच कायद्यात असली पाहिजे, नंतर कधीतरी होईल म्हणून सोडलेली नको.

नव्याने आलेल्यांसाठी एक माहिती, कारण आमच्या गटात हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. भारतीय पारपत्र असलेली व्यक्ती येथे कायदेशीर वास्तव्य करत असेल, तर राष्ट्रकुलातली नागरिक म्हणून तिला संसदेच्या निवडणुकीतही मत देता येते. त्यासाठी ब्रिटिश नागरिकत्व लागत नाही, पण मतदारयादीत नाव नोंदवावे लागते. सेवेतल्या मतदाराची नोंदणी पाच वर्षांनी नव्याने करावी लागते आणि त्याच्या पती किंवा पत्नीलाही सेवा-मतदार म्हणून नोंदणी करता येते. प्रॉक्सी म्हणून जाताना ओळखपत्र स्वतःचे न्यायचे, ज्याच्यासाठी मत देत आहोत त्याचे नव्हे. पहिल्या वेळी मला हे विचारूनच घ्यावे लागले होते.

रविवारची_लीग

मतदान-सुधारणेवर मी अजून ठाम विरोधात आहे. तैनातीच्या काळात तिकिटाची जागा राखून ठेवण्याची सूचना मात्र उत्तम आहे आणि त्यासाठी संसदेची वाट पाहायची गरज नाही.

फ्रॅटनकर

तेवढ्यावर तरी आपले एकमत झाले. २०२५ च्या फुटबॉल कारभाराच्या कायद्याने स्वतंत्र नियामक आला आहे आणि क्लबांनी समर्थकांशी नियमित सल्लामसलत करावी अशी अपेक्षा त्यात आहे. सल्लामसलतीसाठी समर्थकांचे प्रतिनिधी निवडले जातील तेव्हा नौदलाच्या कुटुंबांसाठी एक जागा राखून ठेवावी आणि त्या निवडीत समुद्रावर असलेल्यांना ऑनलाइन मत देता यावे, असे पत्र मी क्लबला लिहीत आहे. गोदीकाठची, तिकिटांच्या परिच्छेदातले तुमचे शब्द मी तुमच्या परवानगीने त्यात जसेच्या तसे घेतो. रविवारची_लीग, तुमचीही सही हवी आहे.